तडकलेलं बीड

आण्णांचा ट्रॅक्टर फुटला तेव्हा मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. अडकित्त्यात सुपारी कातरताना होतो तेवढाच, ‘कट्’ असा. मळणी चालू असती तर तो ऐकूही आला नसता. पण तोवर इंजिनातून वाफ उसळली होती, गड्यानं ते बंद केलं होतं आणि खळ्यावर एकदम शांतता पसरली होती.

झालं होतं असं. सोयाबीनची मळणी सकाळपासून चालू होती. ट्रॅक्टर एका जागी उभा, मागच्या शाफ्टवर मळणी यंत्र. उभ्या ट्रॅक्टरला वारा काय तो त्याच्या पंख्याचाच, आणि तो पंखा खळ्यावर उडणारा भुसा ओढून रेडिएटरच्या जाळीवर थापत होता. दुपारपर्यंत जाळीवर भुश्याची गोधडीच तयार झाली. तापमानाच्या काट्यानं मान टाकून बरीच वर्षं झालेली, त्यामुळे इंजिनाला ताप चढलाय हे कुणाला कळलं नाही. वाफ दिसली तसा गडी पोतं घेऊन धावला, पोत्यानं रेडिएटरची टोपी फिरवली आणि विहिरीचं गार पाणी बादलीभर आत ओतलं. उन्हातून आलेल्या माणसाला आपण तांब्या पुढे करतो, त्याच मायेनं. ‘कट्’ आला तो तेव्हा.

फुटलं होतं ते हेड. हेड म्हणजे इंजिनाचं बिडाचं झाकण. खाली चार सिलिंडर, त्यांत वरखाली होणारे चार पिस्टन आणि त्या चौघांवर मिळून हे एकच झाकण, स्टडांनी आवळलेलं. पण झाकण म्हटलं की डब्याचं झाकण डोळ्यांसमोर येतं, आणि हेड तसं नसतं. त्याच्या पोटात हवा आत यायची वाट असते, धूर बाहेर जायची वाट असते, व्हॉल्व्हांच्या दांड्या असतात, डिझेल फवारणाऱ्या नोझलांच्या जागा असतात आणि उरलेल्या सगळ्या सांदीसापटीतून पाणी फिरत असतं. भिंतीच्या एका अंगाला डिझेल जळताना दीड-दोन हजार अंशांचा भडका, सेंटिमीटरभर बिडापलीकडे ऐंशी-नव्वद अंशांचं पाणी. यातली सगळ्यात अडचणीची जागा म्हणजे इनलेट आणि एक्झॉस्ट या दोन व्हॉल्व्हांच्या मधली अरुंद पट्टी. सोयीसाठी तिला आपण पूल म्हणू. आमच्या हेडचा तिसऱ्या सिलिंडरवरचा पूल तडकला होता.

ट्रॅक्टर इंटरनॅशनल बी-२७५. आता क्वचितच दिसतो. याचा जन्म इंग्लंडातल्या यॉर्कशायरमधला. ब्रॅडफर्डजवळ जाउएट नावाच्या मोटारींचा कारखाना होता. तो १९५४ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं घेतला आणि तिथं १९५८ पासून बी-२७५ तयार होऊ लागला. १९६३ साली महिंद्र, हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून भारतात कंपनी काढली आणि यॉर्कशायरचा हा गडी मुंबईच्या कांदिवलीत घडू लागला. इंजिनाचं नाव बीडी-१४४. यातला १४४ हा आकडा चारही सिलिंडरांच्या पोकळीचा, घनइंचांत मोजलेला. म्हणजे २.३६ लिटरच्या आसपास. एवढ्या मोठ्या पोटातून ताकद निघते पस्तीसेक अश्वशक्ती. आज चारशे सीसीची मोटारसायकल तेवढी ताकद सहज देते. पण मोटारसायकलला नांगर जोडून सकाळी सातपासून काळ्या रानात पळवली तर ती दुपारची भाकरीही बघायची नाही. जुनी इंजिनं हळू फिरायची, जाड बिडाची असायची आणि म्हणून पन्नास-पन्नास वर्षं टिकली. आमचं इंजिनही टिकलंच होतं. त्या दिवशीचा दोष सर्वस्वी आमचा.

फुटलेलं हेड बाहेरून दिसत नाही. लक्षणांवरून ओळखावं लागतं, वैद्यानं नाडी धरावी तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांनी ऑईलची पट्टी ओढून बघितली. ऑईल खुणेच्या वर चढलेलं आणि रंग ताकासारखा. इंजिनातलं ऑईल आपोआप वाढत नसतं. वाढलं तर त्यात पाणी उतरलंय असं समजायचं. गावातला फिटर आला. त्यानं स्टार्टरला हात लावायच्या आधी चारही नोझल खोलले. ही त्याची हुशारी. सिलिंडरमध्ये पाणी साठलं असेल आणि कुणी तसाच स्टार्टर मारला, तर हवा दाबली जाते तसं पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग हेडचं दुखणं क्रँकपर्यंत जातं. नोझल काढून इंजिन हातानं फिरवलं तर तिसऱ्या भोकातून पिचकारी उडाली.

हेड उतरवून धुतलं. तरीही तडा नजरेला येईना, कारण थंड बिडात तो मिटलेला असतो. त्यावर जुना उपाय आहे, रेल्वेच्या कारखान्यांतही तो पूर्वी सर्रास चालायचा. पृष्ठभागावर रॉकेल सोडायचं, अर्धा तास थांबायचं, कोरडं पुसायचं आणि वरून खडूची भुकटी फासायची. तड्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येऊन पांढऱ्या खडूवर रेघ उमटवतं. आमच्या हेडवर ती रेघ एका व्हॉल्व्हच्या सीटपासून निघाली, पूल ओलांडून दुसऱ्या सीटला भिडली आणि मधूनच तिला एक फाटा फुटून तो पाण्याच्या भोकाकडे गेला.

आता प्रश्न असा की बादलीभर पाण्यानं एवढं जाड लोखंड फुटलंच कसं? थोडं गणित करून बघू. बीड तापलं की लांबतं. दहा सेंटिमीटरचा तुकडा शंभर अंशांनी तापवला तर ०.११ मिलिमीटरनं. केसाच्या जाडीची ही वाढ. तिला मोकळीक मिळाली तर काहीच बिघडत नाही. पण पूल दोन्हीकडून जाड, थंड भिंतींत धरलेला असतो, त्याला लांबायला जागाच नसते. अडवलेल्या प्रत्येक शंभर अंशांमागे बिडात दर चौरस मिलिमीटरला अंदाजे अकरा किलोचा ताण साठतो. इंजिनाच्या हेडला वापरतात त्या जातीचं बीड ओढलं तर पंचवीसेक किलोच्या पुढे तुटतं. भारतीय मानकांत या बिडाला ‘एफजी २६०’ म्हणतात, आणि २६० हा आकडा त्याच ओढशक्तीचा, न्यूटनमध्ये. म्हणजे दोन-सव्वादोनशे अंशांचा फरक एकदम पडला की बीड काठावर आलं. काम करताना पूल तीनशे अंशांच्या वर असतो, त्या दिवशी आणखी तापलेला. विहिरीचं पाणी पंचवीस अंशांचं.

खरं तर घात त्याच्याही आधी सुरू झालेला असतो. जास्त तापलेला पूल लांबू पाहतो, भिंती त्याला लांबू देत नाहीत, तेव्हा तो दबून किंचित आखूड होतो. बीड दाब फार मोठा सोसतं, ओढ सोसतं त्याच्या तिपटी-चौपटीनं, त्यामुळे तेव्हा काही दिसत नाही. मग इंजिन निवतं. आखूड झालेला पूल आता दोन्ही भिंतींमध्ये ताणला जातो. आटून तोकडा झालेला सदरा काखेत ताणावा तसा. दर मोसमात एकदा-दोनदा इंजिन असं तापलं की पुलाचं आयुष्य थोडं थोडं खर्ची पडतं. गड्याची बादली शेवटची होती इतकंच. हे मी आण्णांना समजावून सांगितलं तेव्हा गड्यावरचा त्यांचा राग थोडा उतरला आणि माझ्याकडे वळला.

आमच्याकडच्या पाण्याचाही यात हात आहे. विहिरी-बोअरचं पाणी जड. ते वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं की हेडच्या पोटात क्षारांचा थर बसतो, चहाच्या जुन्या किटलीत बसतो तसाच. हा थर उष्णता पुढे जाऊ देण्यात बिडाच्या मानानं पंचवीस-तीसपट आळशी. म्हणजे मिलिमीटरभर क्षार बसले की पाणी आणि पूल यांच्यामध्ये अडीच-तीन सेंटिमीटर जादा बीड घातल्यासारखं होतं. काटा चालू असता तरी त्यानं पाण्याचा ताप दाखवला असता, पुलाचा नव्हे.

नवं हेड शोधायला आण्णांनी दोन-तीन गावं पालथी घातली. जुन्या बाजारात एक मिळालं. त्यावर रॉकेल-खडू केला तर त्याचाही पूल गेलेला. मग घाई झाली. रब्बीची नांगरट तोंडावर, आणि गावात एक वेल्डिंगवाला होता, ट्रॉल्या-फाटकं करणारा. त्यानं साधी कांडी लावून अर्ध्या तासात तडा बुजवून दिला. वरून बघायला काम झकास. आम्ही हेड ओट्यावर ठेवून चहा घेत बसलो आणि कप अर्धा व्हायच्या आत पुन्हा तोच आवाज आला, ‘कट्’. मग आणखी एक. नवा तडा वेल्डिंगच्या रेघेला अगदी खेटून, तिच्या शेजारी समांतर गेलेला.

त्या माणसाची यात चूक म्हणावी तर तो लोखंडाशी जसं वागतात तसा बिडाशी वागला एवढीच. दोन्हींना आपण लोखंड म्हणतो, पण ती सख्खी भावंडं नव्हेत. फाटकाच्या लोखंडात कार्बन पाव टक्क्याच्या आत-बाहेर. बिडात अडीच ते चार टक्के, शिवाय एक ते तीन टक्के सिलिकॉन. एवढा कार्बन लोखंडाच्या पोटात मावत नाही. ओतलेलं बीड सावकाश थंड झालं की जादा कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पाकळ्या होऊन वेगळा बसतो. शिसपेन्सिलीत असतं तेच ग्रॅफाइट. बीड मोडून बघा, मोड राखाडी दिसते आणि त्यावर बोट फिरवलं तर काळं होतं. या पाकळ्यांमुळे बीड ओतायला सोपं, कापायला मऊ, इंजिनाची थरथर गिळणारं. आणि याच पाकळ्यांमुळे ठिसूळ, कारण प्रत्येक पाकळी म्हणजे आत आधीच पडलेली एक भेग. साधं लोखंड ताणलं तर तुटायच्या आधी वीस टक्के तरी लांबतं. बीड एक टक्काही नाही.

वेल्डिंगच्या ठिणगीखाली बिडाचा छोटासा भाग वितळतो आणि भोवतालचा थंडगार गोळा त्याची उष्णता क्षणात ओढून घेतो. कार्बनला पाकळ्या व्हायला सवडच मिळत नाही. तो लोखंडाशीच संयोग पावतो आणि काचेसारखं कडक, पांढरं बीड तयार होतं. नांगराच्या बिडाच्या फाळाला हा कडकपणा मुद्दाम देतात, धातूच्या साच्यात ओतून त्याचं तोंड चटकन थंड करतात, म्हणजे माती त्याला घासू शकत नाही. फाळाला जे भूषण तेच हेडमध्ये दूषण. वितळलेली रेघ थंड होताना आकसते, शेजारच्या बिडाला ओढते, आणि शेजारी आता एक टक्काही न लांबणारी काच बसलेली.

मग हेड कोल्हापूरला गेलं.

बिडाचं दुखणं घेऊन कोल्हापूरला जाण्यात अर्थ आहे. त्या शहरात आणि आसपास फाउंड्र्या शेकड्यांनी. उसाचे चरक, पंप, ऑईल इंजिनं, मोटारींचे भाग, सगळ्याला बीड लागतं, आणि जिथं ओततात तिथं फुटलेलं जोडणारेही असतात. तसा या भागाचा बिडाशी जुना संबंध. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडानं जमीन नासेल म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात, पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. शंभर वर्षांत आमची मजल लोखंडानं जमीन नासते इथपासून पाण्यानं लोखंड नासवण्यापर्यंत आली.

उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी हेड उचलून टेबलावर ठेवलं, छोट्या हातोडीनं दोन ठिकाणी वाजवलं आणि कान दिला. मडकं घेताना टिचकी मारून बघतात तसं. मग वेल्डिंगवर नख फिरवलं.

“ह्ये कुणी केलंय?”

आण्णा म्हणाले, “गावातच.”

“रागावू नगा, पर ह्ये आधी सगळं काढाय लागतंय. आनि पाणी कुणी वतलं, गड्यानं का तुमी?”

पाणी ओतलं हे आम्ही सांगितलेलं नव्हतं.

बीड जोडायचे मार्ग चार, आणि मेस्त्रीचं खरं कसब त्यातला कुठला कुठे लावायचा नाही हे ओळखण्यात. सगळ्यात सौम्य मार्ग पितळ मारण्याचा. तडा व्ही आकारात कोरायचा, टाकणखार टाकायचा, गॅसच्या ज्योतीनं बीड लालसर करायचं आणि पितळी कांडी वितळवून आत सोडायची. पितळ नऊशे अंशांच्या आसपास वितळतं, बीड साडेअकराशेच्या पुढे. म्हणजे बीड वितळतच नाही, मग पांढरं कुठून होणार? पितळ फक्त त्याला घट्ट चिकटतं. ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतीला, मॅनिफोल्डच्या कानाला, गिअरबॉक्सला हे उत्तम. पण व्हॉल्व्हच्या पुलावर नाही, कारण तीनशे अंशांच्या पुढे पितळ दम धरत नाही. शिवाय तेलानं वर्षानुवर्षं माखलेलं बीड पितळाला धरूही देत नाही.

दुसरा मार्ग निकेलच्या कांडीचा. निकेल कार्बनशी जवळीक करत नाही, मऊ राहतं, त्यावर ड्रिल चालतं. हे विजेचं वेल्डिंगच, पण गोगलगायीच्या चालीनं. एकावेळी इंचभर रेघ, लगेच हातोडीनं हलके ठोके, म्हणजे आकसणारी रेघ ठोक्यानं पसरते. मग जागा हात टेकवता येईल इतकी निवेपर्यंत थांबायचं. विजेच्या वेल्डिंगनं बीड जोडण्याची मोठी परीक्षा झाली ती १९१७ साली. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा तिच्या बंदरांत अडकून पडलेल्या जर्मन जहाजांच्या खलाशांनी इंजिनांचे बिडाचे प्रचंड सिलिंडर फोडून ठेवले होते. एवढे सिलिंडर नव्यानं ओतायचे तर फार काळ जाईल असा त्यांचा हिशेब. अमेरिकन नौदलानं ते मुख्यतः विजेच्या वेल्डिंगनं आणि काही ठिकाणी पट्ट्या बसवून काही महिन्यांत दुरुस्त केले, आणि त्याच जहाजांतून आपलं सैन्य जर्मनांशी लढायला युरोपात पाठवलं.

मेस्त्रींनी आमच्या पुलासाठी तिसरा मार्ग घेतला, सगळ्यात जुना आणि सगळ्यात कष्टाचा. बिडाला बीडच. त्यासाठी आख्खं हेड तापवायचं, म्हणजे वेल्डिंगच्या जागी आणि बाकीच्या अंगात तापमानाचं भांडणच उरत नाही.

आधी गावाकडचं वेल्डिंग काढण्यात एक दिवस गेला. ड्रिल त्या पांढऱ्या बिडावरून घसरत होतं, ग्राइंडरचा दगडच चालवावा लागला. दगडाच्या ठिणग्याही बघण्यासारख्या. साधं लोखंड आलं की लांब, पिवळ्या, फुलबाजीसारख्या. बीड आलं की आखूड, तांबूस, लगेच विझणाऱ्या. ठिणग्या बघूनच मेस्त्री परकं कुठे संपलं आणि घरचं कुठे सुरू झालं ते ओळखत होते. मग पाण्याच्या भोकाकडे गेलेल्या फाट्याच्या टोकाला त्यांनी तीन मिलिमीटरचं भोक पाडलं. फुटलेल्या वस्तूला आणखी भोक पाडणं उफराटं वाटतं, पण कापड फाडताना आपण आधी कात्रीनं बारीक चीर देतो ती कशासाठी? सगळा ताण चिरेच्या टोकदार शेवटाशी गोळा होतो म्हणून. टोक जितकं तीक्ष्ण तितका ताण मोठा. १९१३ साली चार्ल्स इंग्लिस या इंग्रज अभियंत्यानं याचं गणित मांडलं, जहाजांच्या पत्र्यांना पडणाऱ्या भेगांच्या संदर्भात. पुढे ॲलन ग्रिफिथनं काचेवर प्रयोग करून भेग कधी धावत सुटते याचा नियम १९२१ साली प्रसिद्ध केला. गोल भोकाला टोक नसतं, त्यामुळे ताण पसरतो आणि तडा तिथं थबकतो. इंग्लिस आणि ग्रिफिथ मेस्त्रींच्या गावीही नव्हते. “म्होरं पळू नये म्हणून,” एवढंच ते म्हणाले.

भट्टी साधी. अग्निविटांचा चौक, आत लोणारी कोळसा, वर हेड पाणसळीत ठेवलेलं. कलतं ठेवलं तर लाल झाल्यावर आपल्याच वजनानं वाकेल. वरून झाकायला पूर्वी ॲस्बेस्टॉसचे पत्रे वापरायचे, आता सिरॅमिकची चटई असते. ते बरं झालं, ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं अनेक कारागिरांची फुफ्फुसं खाल्ली आहेत. ताप चढवायला चार तास. घाई केली तर पातळ भाग आधी तापतो आणि तिथंच नवा तडा. शेवटी मेस्त्रींनी दिवे घालवायला सांगितले. अंधारात हेडच्या कडा जेमतेम दिसतील अशा गडद लाल झाल्या होत्या. हा रंग साधारण सहाशे अंशांचा. ट्यूबलाइटखाली तो दिसत नाही, आणि दिसायला लागेपर्यंत थांबलो तर ताप कुठल्या कुठे गेलेला असतो.

मग हातमोजे, चष्मा, गॅसची ज्योत आणि बिडाची चौकोनी कांडी, फ्लक्समध्ये बुडवून. या कांडीत सिलिकॉन जरा जास्त असतं, कारण सिलिकॉन कार्बनला पाकळी होऊन बसायला मदत करतं. हेड भट्टीतच, मेस्त्री वाकून. वितळलेल्या बिडाच्या थेंबाला ते कांडीच्या टोकानं सारखे डिवचत होते, तळाशी अडकलेली मळी वर यावी म्हणून. पाऊण तास त्यांनी मान वर केली नाही. काम झाल्यावर पुन्हा सगळीकडे सारखा ताप दिला आणि हेड राख आणि चुन्याच्या ढिगात पुरलं.

“परवा या,” म्हणाले. आण्णांना उद्याच हवं होतं. पण याच दोन दिवसांत सगळं घडतं. कार्बन सावकाश पाकळ्या होऊन बसतो, नवं बीड आणि जुनं बीड एकाच चालीनं आकसतं, कुणी कुणाला ओढत नाही. दुसऱ्या दिवशी ढिगात हात घालून बघायलाही त्यांनी मनाई केली.

पुढचं काम मशीनवरचं. एवढं तापलेलं हेड थोडं तरी वाकणारच, म्हणून खालची बाजू घासून सपाट केली. सरळपट्टी ठेवून तिच्याखाली मिलिमीटरच्या दहाव्या भागाची पत्ती शिरता कामा नये. दोन्ही व्हॉल्व्हांच्या सीट कापून तिथं कडक धातूच्या नव्या रिंगा बसवल्या. रिंग तिच्या घरापेक्षा किंचित मोठी करतात, मग बर्फात ठेवून आकसवतात, हेड गरम पाण्यात फुगवतात आणि दोन ठोक्यांत बसवतात. तापमान समान झालं की ती निघणं नाही. ज्या शास्त्रानं पूल फोडला त्याच शास्त्रानं रिंग धरली.

शेवटची परीक्षा पाण्याची. हेडची सगळी भोकं पट्ट्या-रबरांनी बंद केली, एका भोकातून दोन-अडीच किलो दाबाची हवा भरली आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत सोडलं. पाणी गरमच हवं, थंडीत मिटलेला तडा खोटी साक्ष देतो. पुलावर काही नाही. आण्णांचा चेहरा फुलला. मेस्त्री मात्र बोट दाखवून थांबले. पाण्याच्या भोकाजवळून, ज्या फाट्याला त्यांनी भोक पाडलं होतं तिथून, मोहरीएवढा बुडबुडा दर चार-पाच सेकंदांनी सुटत होता.

पुन्हा भट्टी लावायची नव्हती. इथं चौथा मार्ग आला, ज्यात आग लागतच नाही: बीड शिवायचं. तड्यावर ड्रिलनं भोक पाडायचं, आटे काढायचे, त्यात स्क्रू घट्ट बसवून वरून कापायचा. पुढचं भोक असं पाडायचं की ते पहिल्या स्क्रूचा थोडा भाग खाईल, म्हणजे दुसरा स्क्रू पहिल्याला जखडतो, तिसरा दुसऱ्याला, आणि तड्याच्या जागी एकमेकांत अडकलेल्या स्क्रूंची अखंड माळ होते. मोठ्या कामात या माळेला आडव्या धातूच्या किल्ल्या ठोकतात, त्या दोन्ही काठ धरून ठेवतात. जहाजांची घरभर उंचीची इंजिनं या पद्धतीनं जागच्या जागी दुरुस्त होतात, कारण ती भट्टीत घालायची कशी? आमच्या फाट्याला पाच स्क्रू लागले. मेस्त्रींनी ते कानशीनं सपाट केले आणि हेड पुन्हा टाकीत सोडलं. आम्ही तिघं दहा मिनिटं पाण्याकडे बघत उभे होतो. काही आलं नाही.

बसवण्याचं काम गावच्या फिटरनं केलं. नवं गॅस्केट, इंजिन दोनदा धुऊन नवं ऑईल, ब्लॉकमधले क्षार शक्य तेवढे खरवडून काढलेले. हेडचे नट मधून सुरू करून कडेकडे, तीन फेऱ्यांत, पापड लाटताना मधला फुगवटा कडेला नेतात तसे आवळले. इंजिन तापून निवल्यावर पुन्हा एकदा. पहिल्या स्टार्टरला धूर पांढरा आला, मग निळसर, मग बिनरंगाचा.

ट्रॅक्टर आता खळ्यावर उभा असला की दर तासाला जाळीवरचा भुसा झाडला जातो. तापमानाचा काटा नवा आहे. पत्र्यावरचं पावसाचं पाणी आण्णा दोन कॅनमध्ये भरून ठेवतात, रेडिएटरमध्ये तेच जातं. इंजिन तापलं तर मळणी सोडवून ते थोडा वेळ हळू चालू ठेवायचं, मग बंद करायचं आणि टोपीवर हात टेकवता येईपर्यंत तंबाखू मळत बसायचं, असं गड्याला सांगून झालंय. तरीही आण्णांनी रेडिएटरच्या टोपीला साखळी लावून वर कुलूप घातलं आहे. किल्ली त्यांच्या कमरेला असते.